वॉल्ट्झ थांबवणार कोण?

मिल्काचं पत्र नाताळच्या गडबडीत आलं आणि मी त्याला उत्तर पाठवलं नाही. पाठवलं नाही म्हणजे लिहिलं नाही असं नव्हे. लिहिलं पुष्कळदा. पण मी जन्मभर आमच्या स्लोव्हेनियन वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका खोडल्या. ज्याचा हात खोडण्यात मुरलेला असतो त्यानं स्वतः काही लिहायला बसू नये. ‘प्रिय मिल्का’ लिहून झालं की ‘प्रिय’ खोडावंसं वाटे. ते खोडलं की नुसतं ‘मिल्का’ दरडावल्यासारखं दिसे. मग दोन्ही खोडून मी स्वयंपाकघरात फेऱ्या मारी आणि टेबलाजवळून जाताना त्यावर बोटानं ठेका धरी.

“गुस्ट, ते बोट थांबव,” माझी बायको पाव्ला म्हणायची. “त्या टेबलाला आता खळगा पडेल.”

ही बोटाची खोड जुनी. मी आमच्या बँडमध्ये उभा बास वाजवत असे. बोटांचे सांधे सुजले तसा बास क्लीव्हलंडमधल्या आमच्या स्लोव्हेनियन हॉलच्या संग्रहात देऊन टाकला. तो आता काचेआड, हॉलच्या जुन्या प्रेसिडेंटांच्या फोटोशेजारी उभा आहे. बास गेला, ठेका राहिला. चर्चमध्ये प्रवचन चालू असलं तरी माझं एक बोट बाकावर चालू असतं. दोन पाद्री बदलून गेले, बोट तेच आहे.

तर पत्र. मिल्का आमच्या बँडची गायिका. लग्न करून द्रागोबरोबर मिनेसोटात, खाणींच्या मुलखात गेली. तिनं लिहिलं होतं, ‘ईस्टरनंतर आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. नाचायचं ते क्लीव्हलंडच्या हॉलमध्येच, असं द्रागोनं ठरवलंय. नवा गुडघा बसवलाय, त्याचं उद्घाटन. पण गुस्ट, लॉइझे गेला. आता आमचा वॉल्ट्झ थांबवणार कोण?’

वाजवणार कोण, असं तिनं विचारलं नव्हतं. बाहेरच्याला यात काही वाटणार नाही, पण आमच्या सेंट क्लेअर ॲव्हेन्यूवर वाढलेल्या माणसाला अर्थ लगेच कळेल. सुवर्णमहोत्सवी जोडप्याचा वॉल्ट्झ आमच्या हॉलमध्ये आधी संपत नाही. आधी जोडपं थांबतं, मग संगीत. संगीत आधी थांबलं आणि जोडपं मध्येच उघडं पडलं तर ते जोडप्याला वाईट, अशुभ मानतात. किती वाईट ते कुणी सांगत नाही. नुसत्या माना हलवतात. त्यामुळे अकॉर्डियनवाल्याचं खरं कसब वाजवण्यात नसतं, पाहण्यात असतं. आमचा अकॉर्डियनवाला लॉइझे भात्यावर हनुवटी टेकून नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत राहायचा आणि दोघांना पुरे होण्याच्या क्षणभर आधी त्याला ते कळायचं. मी पंचवीस वर्षं त्याच्या शेजारी उभा होतो, पण मी बघत असे बासच्या तारांकडे. वर पाहिलं की माणसं दिसतात, आणि माणसं दिसली की माझी बोटं चुकतात.

दुसरा अकॉर्डियनवाला का नको? क्लीव्हलंडमध्ये खडा मारला तर तो अकॉर्डियनवाल्यालाच लागतो, हे खरं. पण तो वॉल्ट्झ लॉइझेनं स्वतः मिल्काच्या लग्नासाठी रचलेला. त्याला स्वरलिपी येत नव्हती, त्यामुळे तो कुठे लिहिलेला नाही. त्याच्या अंत्यविधीला दोघा अकॉर्डियनवाल्यांनी मिळून वाजवून पाहिला. शेवटी ती कुठल्या तरी बिअरच्या जाहिरातीची चाल निघाली.

फेब्रुवारीत लॉइझेची बायको रेझ्का बर्फ तुडवत आमच्याकडे आली आणि टेबलावर किल्ली ठेवली.

“तळघराची. मिल्काचा वॉल्ट्झ त्यानं टेपवर घेऊन ठेवलाय. बाकीचं सगळं त्या कॉम्प्युटरात आहे म्हणायचा. मला त्यातलं काही कळत नाही. मी खाली जाते ती सॉसेजं आणायला.”

“मला तरी काय कळतंय?” मी म्हणालो.

“तू वाचतोस ना? खाली पुस्तकं आहेत. माहितीपुस्तकं. लॉइझेनं एकही उघडलेलं नाही.”

पाव्लानं माझ्याकडे पाहिलं. “आता तरी लिही मिल्काला, की टेप आहे, ये म्हणून.”

“आधी चालतंय का बघू,” मी म्हणालो. “चाललं की लिहितो.” न लिहिण्याला एवढं भारदस्त कारण मला कित्येक आठवड्यांत मिळालं नव्हतं.

लॉइझेचं तळघर म्हणजे एका बाजूला वाइनची पिंपं, छताला टांगलेली सॉसेजं आणि त्यांच्याखाली स्टुडिओ. निवृत्तीनंतर त्याला हा नाद लागला होता. एकाच टेपवर आठ आवाज आठ वेगळ्या पट्ट्यांवर घेणारा एक मोठा आठपट्टी टेपरेकॉर्डर, एक कॉम्प्युटर, ढोलापासून व्हायोलिनपर्यंत सगळे आवाज पोटात ठेवणारी एक पेटी, पियानोच्या पट्ट्यांचा आखूड फळा, आणि या सगळ्यांच्या मधोमध एक लहानशी दिव्यांची डबी. तिला मिडी इंटरफेस म्हणतात. तिचं काम दुभाष्याचं. टेपचं बोलणं कॉम्प्युटरला सांगायचं, कॉम्प्युटरचं आवाजाच्या पेटीला. अशा दुभाष्यांशी माझी वृत्तपत्रात गाठ पडलेली होती, त्यामुळे मला ती पहिल्यापासूनच संशयास्पद वाटली.

माझ्याबरोबर शेजारचा एडी ह्रास्तार आला. आला म्हणजे मी बोलावलं नव्हतं. एडी जन्मभर लेथवर होता आणि फिरणारी कुठलीही वस्तू आपल्या खात्यात येते असं तो मानतो. टेपची चकरी पाहून त्याचे डोळे चमकले.

“पट्टा सैल आहे,” तो म्हणाला.

“अरे, अजून काही चालू तरी झालंय का?”

“बंद असला तरी सैल दिसतोय.”

टेप लावली. पहिल्या पट्टीवर लॉइझे होता. भात्याचा श्वास, बटणांची टकटक, आणि त्याचा बूट. लॉइझे वाजवताना डाव्या टाचेनं ठेका द्यायचा. ती टाच इतकी स्वच्छ ऐकू आली की वरून जिन्यात उभी असलेली रेझ्का म्हणाली, “त्या टाचेसाठी नवी चटई टाकली होती मी. तिथेच.” आणि निघून गेली.

आम्ही दोघं थोडा वेळ सॉसेजांकडे बघत राहिलो. मग मी, काहीतरी करावं म्हणून, बाकीच्या पट्ट्या ऐकायला घेतल्या. मधल्या रिकाम्या. शेवटच्या, आठव्या पट्टीवर मात्र एक भयंकर चिरका आवाज. पत्र्यावर नखं ओढावीत तसा, अखंड, टेपच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत.

“खराब झालीय टेप,” एडी म्हणाला.

मित्राच्या शेवटच्या कामात असा डाग! माझा जन्माचा धंदा जागा झाला. मुद्रित तपासणाऱ्याला चूक दिसली की त्याला हात आवरत नाही, ती चूक आहे की लेखकाच्या मनातलंच काही आहे हे तो नंतर विचारतो. मी ती पट्टी रिकामी करून टाकली. सगळी. इतकी स्वच्छ की त्यावर धुळीचादेखील आवाज उरला नाही. घरी येताना मी शीळ घालत होतो, आणि पाव्लाला तेव्हाच शंका आली.

माहितीपुस्तक मी दुसऱ्या दिवशी वाचायला घेतलं. ते मुळात दुसऱ्या कुठल्या तरी भाषेतून आलेलं असावं. त्यात क्रियापदं वाक्याच्या दारापर्यंत येऊन परत जात होती. मी पेन्सिल घेऊन समासात दुरुस्त्या करत चाललो आणि दुपारी त्या वाक्याशी आलो. ‘टेपच्या एका पट्टीवर घड्याळाचा सूर ठेवलेला असतो. कानाला तो चिरका वाटेल. त्याच्यावरूनच इंटरफेसला टेप कुठवर आली ते कळते व कॉम्प्युटर तिच्या बरोबरीने चालतो. हा सूर कधीही पुसू नये.’

‘कधीही पुसू नये’च्या खाली रेघ होती. मी त्या वाक्यातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि मग उठून कोट चढवला. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. पाव्ला म्हणाली, “काय झालं?” मी म्हणालो, “काही नाही, तळ्याकडे जाऊन येतो.” ती म्हणाली, “बाहेर उणे तापमान आहे.” मी म्हणालो, “चालेल.”

रात्रभर कुशीवर वळत राहिलो. पाव्लाला पहाटे सांगितलं. तिनं नुसतं माझं बोट धरून पलंगाच्या कडेवरून खाली ठेवलं.

कंपनीच्या मदत-विभागाला फोन लावला. तिथे आधी एक ध्वनिमुद्रित बाई तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे म्हणून सांगत असते, आणि ती बाई इतक्यांदा ते सांगते की तिचा स्वतःचाच विश्वास उडालेला कळतो. मध्ये संगीत. तेही ठेक्यात नव्हतं. शेवटी एक माणूस आला.

“सर, सॉफ्टवेअर कुणाच्या नावावर आहे?”

“लॉइझे पोत्रेबिन.”

“त्यांना फोनवर द्या.”

“ते वारले.”

“ओ. सॉरी, सर. मग त्यांनी आम्हाला नाव बदलण्याचं सही केलेलं पत्र पाठवायला हवं.”

“मरण्याआधी?”

“शक्यतो, सर.”

मी आयुष्यात पहिल्यांदा फोनवर आवाज चढवला. म्हणजे नेहमीच्या आवाजात बोललो. माणूस बिचारा चांगला निघाला, म्हणाला, “बरं, अडचण काय आहे ते तरी सांगा.”

“टेपवरचा घड्याळाचा सूर पुसला गेला.”

“पुसला कुणी?”

“एका माणसानं.”

“तो माणूस शेजारी आहे का, सर?”

“जवळच आहे.”

“त्याला म्हणावं, रिकाम्या पट्टीवर नवा सूर घाल आणि गाण्याची सुरुवात जुळवून घे. टेपचा वेग तोच असेल तर सगळं जुळेल.”

टेपचा वेग तोच असेल तर! मी आनंदानं तळघरात पळालो. एडी आधीच तिथे होता, बाह्या सारून, हाताला तेल. “घट्ट केला,” तो म्हणाला. “पट्टा. आता बघ कशी फिरते. मागे फारच रेंगाळत होती.”

नवा सूर घातला, सुरुवात जुळवली. लॉइझे आणि कॉम्प्युटर एकदम निघाले, हातात हात घालून. दुसऱ्या कडव्याला कॉम्प्युटरचा ढोल किंचित मागे पडला. तिसऱ्याला तो प्रार्थना सुरू झाल्यावर मागच्या दारानं आत येणाऱ्या माणसासारखा झाला. शेवटी लॉइझे संपला आणि ढोल एकटाच उरलेलं आवरत बसला.

“जुना वेग परत कर,” मी एडीला म्हणालो.

“जुना वेग किती होता?”

ते कुणालाच माहीत नव्हतं. लॉइझेला माहीत असेल.

इथून पुढच्या आठवड्यांचं मी थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून मला खुर्चीत बसवत नाही. तारा उपसून तपासायच्या म्हणून उपसल्या. परत लावताना ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांत माझी गल्लत झाली. मला वाटलं आतली तार आतमध्ये लावायची. खरं तर एकाचं बाहेर ते दुसऱ्याचं आत. बोलणाऱ्याचं तोंड ऐकणाऱ्याच्या कानाला. मी तोंडाला तोंड लावलं होतं. त्यामुळे सगळी यंत्रं बोलत होती आणि ऐकत कुणीच नव्हतं. एडी म्हणाला, “हॉलच्या कमिटीसारखं.” ते सुटलं तर आवाजांचे क्रमांक हलले. ढोलाचा ठेका अंत्यविधीत वाजतो तशा चर्चच्या ऑर्गनवर वाजायला लागला. रेझ्का वरून धावत आली, तिला वाटलं मीही गेलो.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रत्येक वाद्याला एक ओळ होती, आणि लॉइझेनं त्या ओळींना नावं दिली होती. बासच्या ओळीचं नाव ‘गुस्ट’. मी ती एकटी लावून ऐकली. हा गुस्ट एकदाही चुकत नव्हता. त्याचे सांधे दुखत नव्हते, तो घाम पुसत नव्हता, मधल्या वळणावर जिथे मी नेहमी एक सूर खात असे तिथेही तो शांतपणे पुढे जात होता. मी पाव्लाला ऐकायला आणलं. ती म्हणाली, “छान वाजवतोय. तू वाटत नाहीस.” मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

या गुस्टमध्ये मात्र मला एक दोष सापडला. गाणं संपलं तरी त्याची ओळ संपत नव्हती. तेच कडवं पुन्हा, पुन्हा, पडदा सरकवत गेलं तरी पुढे पुढे, ढोलाचंही तसंच. उघड उघड नजरचूक. मी खोडायचं बटण शोधलं.

पाव्लानं माझा हात धरला. “गुस्ट झालोकार, तू एक पुसलंयस. आता या तळघरातलं दुसरं काहीही पुसायचं असेल तर तो जिना पूस.”

मी ते तसंच सोडलं, पण मनाला लागून राहिलं. चूक दिसत असताना सोडून देणं म्हणजे काय असतं ते आमच्या धंद्यातल्यालाच कळेल.

दरम्यान हॉलची कमिटी. अध्यक्ष व्हीदा कोस्माच. तिच्या हातात लाकडी हातोडी असते आणि ती आपटण्यासाठी ती बैठका बोलावते असं एडी म्हणतो. नियम असा की रंगमंचावर वाजवणारा सभासद असला पाहिजे.

“लॉइझे सभासद नाही,” व्हीदा म्हणाली.

“व्हीदा, तो या हॉलचा उपाध्यक्ष होता,” मी म्हणालो.

“होता. मृत्यूनंतर सभासदत्व संपतं. कलम मी वाचून दाखवू?”

“पण तो वाजवणारच कुठे आहे? त्याची टेप वाजणार.”

“मग टेप सभासद आहे का?”

शेवटी एडीनं सुचवलं की लॉइझेला सन्माननीय पाहुणा म्हणून बोलवावं; पाहुण्याला सभासदत्व लागत नाही. अनुमोदन मिळालं. मग कुणीतरी विचारलं की पाहुण्यांना जेवणाचं कुपन असतं, ते द्यायचं का? या मुद्द्यावर कॉफीचे दोन जग संपले. मागच्या बाकावरून रेझ्का म्हणाली, “द्या. लग्नापासून त्याच्या ताटातलं अर्धं मीच खातेय.” ठराव मंजूर झाला. हातोडी पडली.

घरी आलो तर पाव्ला फोन ठेवत होती. “मिल्का होती. तू उत्तर देईनास म्हणून तिनंच केला. मी सांगितलं, ये.”

“ये? अगं पण यंत्र…”

“ती यंत्राशी नाचायला येत नाहीये. आणि तिनं विचारलंय, पत्राचं काय झालं?”

“तू काय सांगितलंस?”

“लिहितोय म्हणाले. खोटं आहे का?”

ईस्टर तोंडावर आलं. ईस्टरआधीच्या शुक्रवारी मांस नसतं म्हणून चर्चच्या तळघरात मासे तळत होते, मी बशी घेऊन बसलो होतो. समोर एडी बसलेला.

“पुस्तकात काही नाही?” त्यानं विचारलं.

“पूर्ण वाचलं. दोनदा.”

“वाचलंस, की तपासलंस?”

माझ्या धंद्यातली ही जुनी व्यथा आहे. तपासणारा अक्षर न अक्षर पाहतो आणि शेवटी मजकूर काय होता विचारलं तर त्याला सांगता येत नाही. घरी जाऊन पुस्तक पुन्हा काढलं, पेन्सिल पाव्लाकडे दिली आणि नुसतं वाचलं. पाठीमागच्या पुरवणीत, जिथे मी एका वाक्यात तीन दुरुस्त्या केल्या होत्या, तिथे लिहिलेलं होतं, ‘टेपवर सूर नसेल तर माणसाने ठेका ऐकून फळ्यावरची एक पट्टी बोटाने दाबत राहावी. इंटरफेस ते बोट कॉम्प्युटरला कळवेल. कॉम्प्युटर बोटाच्या मागे चालेल.’

मी मान वर केली. पाव्ला माझ्या बोटाकडे बघत होती. ते टेबलावर चालूच होतं.

“जा,” ती म्हणाली. “एकदाचा त्याला धंदा मिळाला.”

सॉफ्टवेअरात घड्याळाच्या खणात जाऊन ‘टेप’च्या जागी ‘बोट’ निवडायचं, एवढंच होतं. लॉइझे कानात, त्याची टाच पडली की माझं बोट पट्टीवर. तो कडव्याच्या शेवटी थोडा ओढायचा, वळणावर जरा घाई करायचा; ते मला बघावं लागलं नाही. मी त्या टाचेशेजारी पंचवीस वर्षं काढली होती. कॉम्प्युटरचा ढोल, बास, सगळे मुकाट्यानं बोटामागे आले. तिसऱ्या कडव्यालाही कुणी मागे राहिलं नाही. एडीनं एक सॉसेज छतावरून काढून कापलं. त्याच्या मते पट्टा घट्ट केल्यामुळेच हे जमलं.

मिल्का ईस्टरनंतरच्या शुक्रवारी उतरली. केस पांढरे, आवाज तोच. मिठी मारून झाल्यावर म्हणाली, “उत्तर?”

“लिहितोय.”

“अजून? अरे, मी तर पोहोचले.”

शनिवारी हॉल भरला होता. भाजलेली कोंबडी, सॉसेजं, आंबट कोबी, अक्रोडाचा गोड पाव म्हणजे पोतिच्सा, आणि प्रत्येक टेबलावर लाल वाइन. रंगमंचावर एका खुर्चीत लॉइझेचं अकॉर्डियन ठेवलं होतं आणि त्याच्या भात्याला जेवणाचं कुपन खोचलेलं होतं. मी पडद्याच्या जवळ, यंत्रांच्या आड बसलो. मला वाटलं होतं तिथे मी कुणाला दिसणार नाही. व्हीदानं ध्वनिक्षेपकावरून माझं नाव घेतलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. माझे कान तापले.

मिल्का आणि द्रागो मध्ये येऊन उभे राहिले. मी टेप सोडली. भात्यानं श्वास घेतला, टाच पडली, बोट पडलं.

लॉइझे वाजवत होता. माझ्यामागे तो दुसरा, न चुकणारा गुस्ट वाजवत होता. मी डोळे पट्टीवर खिळवून एक-दोन-तीन, एक-दोन-तीन करत होतो, आणि शेवटच्या कडव्याला, कपाळावरून घाम पापणीवर येत असताना, माझ्या ध्यानात आलं की इतक्या आठवड्यांत मी यंत्रं एकमेकांशी जुळवली, पण पत्रातला ‘थांबवणार कोण’ हा प्रश्न तसाच राहिला होता. टेप जोडप्याकडे बघत नाही. टेप तिच्या वेळेला संपते.

मी वर पाहिलं. ते दोघं हॉलच्या मध्यावर होते. मिल्काचे डोळे मिटलेले. थांबण्याचं तिच्या मनात कुठेही नव्हतं. लॉइझेनं शेवटचा सूर धरला, भाता मिटला, आणि टेप संपली.

माझं बोट थांबलं नाही. ते धैर्य नव्हतं, ती खोड होती. पण कॉम्प्युटरला टेपशी आता काही देणंघेणं नव्हतं. सूर मी पुसला होता. तो चालत होता बोटामागे. ढोल चालू राहिला. आणि बास, ती न संपणारी, खोडायची राहिलेली ओळ, तेच कडवं पुन्हा वाजवू लागली. नजरचूक! लॉइझेला ठाऊक होतं की जोडपी वेळेवर थांबत नाहीत. टेपवरचं गाणं संपलं की वरचं अकॉर्डियन तो तिथे बसून, बघत बघत, हातानं वाजवणार होता.

आता वर अकॉर्डियन नव्हतं. नुसता ढोल आणि बास, पिठाशिवाय भाकरी. टेबलांवरची डोकी वळू लागली. व्हीदानं हातोडी शोधली. तेवढ्यात मिल्का गायला लागली. डोळे मिटूनच, द्रागोच्या खांद्यावरून, स्वतःशी गावं तशी. मग मागच्या टेबलांनी तो सूर उचलला. शब्द कुणालाच धड आठवत नव्हते, पण त्यानं आमच्यात कधी काही अडलेलं नाही.

मी बघत राहिलो. दुसरा इलाज नव्हता. टाच नव्हती, टेप नव्हती, खाली पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि बघताना मला द्रागोचा गुडघा दिसला. वळणावर तो डावा पाय क्षणभर उशिरा टेकवत होता. त्याची नजर भिंतीजवळच्या खुर्चीकडे एकदा गेली, परत आली. तो थांबणार नव्हता. मिल्का गात असेपर्यंत तो पायाचा तुकडा पडला तरी थांबला नसता. आणि मिल्काला, डोळे मिटलेले असल्यामुळे, ते कळणार नव्हतं.

मग मी बोट किंचित सावकाश केलं. ढोल सावकाश झाला. बास सावकाश झाला. मिल्काचा आवाज आपोआप लांबला, वळणं मोठी झाली, द्रागोचा पाय वेळेवर टेकू लागला. आणखी थोडं सावकाश. ते दोघं तरंगत तरंगत खुर्चीच्या बाजूला सरकले. मिल्कानं डोळे उघडले, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिला पुरे झालं. ते मला क्षणभर आधी दिसलं. एक. दोन. तीन. दोघं थांबले, आणि मी बोट उचललं.

टाळ्यांचं मला नीट आठवत नाही, कारण मी तारांमध्ये वाकून काहीतरी तपासत होतो. त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. मिल्का रंगमंचाच्या पायऱ्या चढून आली. माझ्या समोर उभी राहिली, खुर्चीतल्या अकॉर्डियनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तू वर बघायला कधी शिकलास रे?” तिनं विचारलं.

ती हसली, माझं सुजलेलं बोट दाबलं आणि पोतिच्सा घ्यायला गेली. रेझ्कानं अकॉर्डियनच्या भात्यातून कुपन काढलं आणि तीही तिच्या मागून गेली.

पाहुणे रविवारी मिनेसोटाला परतले. सोमवारी सकाळी मी टेबलाशी बसलो आणि उत्तर लिहिलं. पाव्लानं खांद्यावरून वाचलं.

“एवढंच? याला तिकीट लावणार?”

“तिनं एवढंच विचारलं होतं.”

“ती येऊन, नाचून, परत गेलीय, गुस्ट.”

“तरीपण. उत्तर द्यायला हवं.”

मी कागद पुन्हा एकदा पाहिला. ‘प्रिय मिल्का, मी. – गुस्ट.’ ‘मी’च्या पुढे पूर्णविराम हवा की नको, हा विचार मनात येऊन गेला. पेन्सिल हाताशी होती. पण कागद पाकिटात घातला, चाटून बंद केला आणि कोपऱ्यावरच्या टपालाच्या निळ्या पेटीपर्यंत चालत गेलो. रस्त्याच्या कडेला बर्फ वितळत होता. पेटीचं झाकण ओढलं, पत्र टाकलं, झाकण सोडलं. मग ते पुन्हा उघडून पत्र आत पडलंय ना, ते एकदाच पाहिलं.